ज्युड तुस्कानो, १८८८

कॅस्मिर तुस्कानो हा माणूस मला कधीच आवडला नाही. आम्ही काही वर्षं एका छपराखाली काम केलं, एकाच कंपनी बसने अल कुसैसहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला गेलो-आलो, पण त्याने मला एकदाही धड गुड मॉर्निंग म्हटलं नाही. मी म्हटलं तर उत्तर यायचं, "गुड आहे की नाही ते संध्याकाळी कळेल." बसमधली डाव्या बाजूची खिडकी त्याची ठरलेली. नवीन कोणी चुकून तिथे बसला तर हा काही बोलायचा नाही. तो उठेपर्यंत नुसता त्याच्या डोक्यावर उभा राहायचा.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. हा जिवंत आहे, त्यामुळे माझी अडचण नाही.

आमच्या कारखान्यात इमारतींचे मुखवटे बनतात. काचेचे बारीक धागे मिसळलेलं सिमेंट साच्यात फवारायचं, सुकलं की बाहेर काढायचं, आणि कोणाच्या तरी काँक्रीटच्या डब्यावर नेऊन टांगायचं. कमानी, खांब, कठडे, सिंहाची तोंडं, सांगाल ते. मी ड्रॉइंग ऑफिसात, म्हणजे कागदावर रेघा मारणार. कॅस्मिर मॉडेल शॉपचा फोरमन, म्हणजे त्या रेघांवरून पहिला नमुना कोरणार, ज्याच्यावरून साचा निघतो. वसईचा माणूस, पोरवयात चर्चच्या वेदीची लाकडी नक्षी कोरायला शिकलेला. हात चांगला होता, हे शत्रूनेही मान्य करावं, आणि शत्रू त्याने भरपूर जमवले होते. फवारणीवाल्यांशी भांडण, क्रेनवाल्याशी भांडण, एसीच्या रिमोटवरून अकाउंट्सच्या शहनाझशी भांडण. माझी ड्रॉइंग्ज तो दोन बोटांनी धरायचा, मेलेला उंदीर धरावा तशी.

त्यात आलं ते अमेरिकन शहराचं काम.

एका बिल्डरला वस्तीच्या मधोमध दुकानांची एक गल्ली हवी होती, आणि ती अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका छोट्या शहरासारखी दिसायला हवी होती. शहराचं नाव मी सांगणार नाही, तसं लिहून दिलंय. पण फोटो महिनाभर माझ्या स्क्रीनवर होते. मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं गाव, चौकात घड्याळाच्या मनोऱ्याचं कोर्ट, भोवती लाल विटांची दुमजली दुकानं, लांबोडक्या कमानदार खिडक्या, कोपऱ्यावर चुनखडीच्या खांबांची बँक. हार्डवेअरच्या दुकानावर चक्क ऑपेरा हाऊस. पुढे आलेल्या रुंद छपराचं रेल्वे स्टेशन. आणि एक तुरुंग. तुरुंग मात्र सगळ्यांत देखणा, ओबडधोबड दगडाचा, गोल बुरूज, दरवाज्यावर जाडजूड अर्धगोल कमान. त्या लोकांनी कैद्यांसाठी एवढं कशाला केलं, देव जाणे.

कॅस्मिरने ते फोटो पाहिले आणि पहिल्यांदाच मी त्याला हसताना बघितलं.

"बाय, हे बघ," त्याने दुकानांच्या माथ्यावरच्या झालरीवर बोट ठेवलं. "दगड वाटतो ना? पत्रा आहे. दाबून नक्षी काढलेला पत्रा, वर दगडासारखा रंग. गोऱ्यांनी तेव्हाच फसवलंय. आता त्या फसवणुकीची आपण सिमेंटमध्ये फसवणूक करायची."

दुसऱ्याची लबाडी सापडली की त्याचा दिवस चांगला जायचा.

या कामावर त्याचं फार काही अवलंबून होतं. त्याला साठ वर्षं पूर्ण होत होती. आमच्याकडे साठीनंतर कोणाला ठेवायचं तर मॅनेजरने वर शब्द टाकावा लागतो. मॅनेजर मधू सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "कॅस्मिर, हा प्रोजेक्ट भांडण न करता पूर्ण कर, दोन वर्षं वाढवून देतो. नाहीतर खलास, वसई." आणि वसईला कॅस्मिरला जायचं नव्हतं. मेलो तरी नाही, असं तो म्हणायचा. कारण वसईच्या घरात ज्युड होता.

ज्युड म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. घर दोघांचं, राहतो ज्युड. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले तेव्हा कॅस्मिर दुसऱ्या एका कंपनीत होता. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे. कॅस्मिर वसईला पोचला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर ज्युडने बापाला पुरलंही होतं. थोरला मुलगा जिवंत असताना मूठमाती धाकट्याने दिली. कॅस्मिर सिमेंटरीतूनच परत विमानतळावर गेला, भावाच्या घरी पाणी प्यायला नाही, आणि त्यानंतर त्याने ज्युडचा एकही फोन उचलला नाही. ही हकीगत मला त्याची बायको एडना हिने सांगितली. ती अल कुसैसमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. बिचारीला घरी जायचं होतं. "ह्याचा राग म्हणजे सुंभ जळला तरी पीळ तसाच," ती म्हणायची. "ज्युड वाईट नाही गं. पण ह्याच्यापुढे त्याचं नावसुद्धा काढायचं नाही."

आता नावाचीच गोष्ट.

त्या अमेरिकन शहरात प्रत्येक इमारतीच्या माथ्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे कोणी किराणा विकून चार पैसे केले की पहिलं काम हेच करायचा. बिल्डरचा निरोप आला, सालं तीच ठेवा, पण नावं बदला, खऱ्या घराण्यांनी उद्या केस केली तर काय. मीटिंगमध्ये नावं कोण सुचवणार यावर कोणी बोलेना. तेव्हा मधू सर, डोंबिवलीचे आमचे उंटावरचे शहाणे, म्हणाले, "अरे कॅस्मिर, त्यात काय एवढं? तुमच्या लोकांचीच नावं टाक ना. नाहीतरी इंग्लिशच असतात. एकदम ओरिजिनल वाटेल."

कॅस्मिरने हातातली पटाशी टेबलावर ठेवली.

"आमची नावं इंग्लिश?"

"म्हणजे फॉरेनची रे."

"साहेब, मी मराठी शाळेत शिकलो. आमच्याकडे चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. कबरीवरसुद्धा मराठीत लिहितात."

"बरं बाबा, सॉरी. पण टाक. यल्ला, पुढचा पॉइंट."

मला वाटलं आता हा भांडणार आणि दोन वर्षं घालवणार. हा गप्प बसला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता असं नंतर सगळे म्हणाले. संशय मला आलाच होता, पण मधू सरांना सावध करायचं मला काहीच कारण नव्हतं.

त्याने नावं कोरली. बँकेवर लोपीस, त्याला पटाशी धरायला शिकवणाऱ्या मिस्त्रीचं. ऑपेरा हाऊसवर डिमेलो, गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवणाऱ्याचं. हार्डवेअरवर परेरा अँड सन्स. त्याच्या आवडीची माणसं सगळी मेलेली होती. ही नावं वेगळ्या पाट्यांवर, स्क्रूने बसवायची. फक्त तुरुंगाची पाटी त्याने वेगळी केली नाही. नाव कमानीतच कोरलं, कमान आणि नाव एका साच्यात, एका तुकड्यात. मोठ्या, रुंद, इंग्रजी अक्षरांत ज्युड तुस्कानो, खाली १८८८.

मी नमुन्यापुढे उभी राहिले. ड्रॉइंग माझंच होतं, त्यामुळे त्या देखण्या मुखवट्यामागे काय येणार ते मला माहीत होतं. मूळ शहरात तुरुंग होता. आमच्या गल्लीत तुरुंगाचा काही उपयोग नव्हता, म्हणून त्या जागी अख्ख्या गल्लीसाठी स्वच्छतागृह होतं. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका.

"अंकल," मी म्हटलं, "भावाचं नाव संडासावर?"

"हो."

"त्याला कळणार कसं?"

"त्याला कळायची गरज नाही. मला कळतंय ना." तो कमानीवरची धूळ ब्रशने झाडत होता. "रोज हजार माणसं त्याच्या नावाखालून जाऊन मुतणार. मला तेवढं पुरे."

हा द्वेष त्याने मन लावून केला होता. ती कमान आमच्या कारखान्यातून गेलेली सगळ्यांत चांगली वस्तू होती. अक्षरांच्या कडा अशा की सावली सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला पडावी. कोणावर प्रेम असतानाही माणूस एवढी मेहनत घेत नाही.

पण दुबईत वसईकर किती आहेत, याचा हिशोब त्याने केला नाही. हॉटेलांत, ऑफिसांत, एअरलाइनमध्ये, जिथे दगड टाकाल तिथे एक परेरा. गल्ली उघडायच्या आधी खास पाहुण्यांसाठी एक संध्याकाळ ठेवली होती, आणि तिथे ज्या हॉटेलचं केटरिंग होतं त्यात कामाला होती ॲनेट, ज्युडची मुलगी. काकाने तिच्याशी कधी संबंध ठेवला नव्हता, पण एडना गुपचूप तिला भेटायची. ॲनेटने वर बघितलं तर बापाचं नाव. त्या दिवशी संडासाचे दरवाजे बंद होते, बाई-बुवाची चित्रं लागायची होती. तिने फोटो काढला आणि घरी पाठवला. खाली लिहिलं, पपा, अंकलने तुमचं नाव दुबईत कोरलंय.

दोन दिवसांत तो फोटो वसईच्या प्रत्येक फोनवर होता. ज्युडने मोठा करून फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला. शेजारी बघायला आले. फादर आले. हे सगळं एडनाने मला जिन्यात उभं राहून सांगितलं, डोळे पुसत. "इतकी वर्षं हा मनात एवढं प्रेम दाबून बसला होता, आणि मला पत्ता नाही." कमानीमागे काय आहे ते मी तिला सांगितलं नाही.

मग इथल्या वसईकरांनी बिल्डरच्या पेजवर लिहायला सुरुवात केली. हे तर आमच्या आळीतल्या बेकरीवाल्याचं नाव, हे आमच्या आजोबांचं, ही अमेरिका नाही, वसईच आहे. बिल्डरच्या मार्केटिंगमधल्या लायबाने मधू सरांना फोन लावला. अमेरिकेचे पैसे दिले होते, हे कुठलं गाव दिलंत? मधू सरांनी अर्थात हात झटकले. नावं कॅस्मिरने परस्पर टाकली, मला विचारलंच नाही, म्हणाले. मीटिंगला आम्ही सात-आठ जण होतो आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. मी तसं बोलले, तर मला म्हणाले, "उर्मिला, तू ड्रॉइंग बघ."

लोपीस, डिमेलो, परेरा, सगळ्या पाट्या स्क्रू काढून उतरवल्या. कमान तेवढी राहिली, कारण नाव काढायचं तर अख्खी कमान फोडावी लागली असती, आणि संडासाकडे मान वर करून बघतंय कोण, असं बिल्डरनेच म्हटलं. कॅस्मिरची दोन वर्षं मात्र गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने इतर कारखान्यांत विचारलं, जबल अलीला जाऊन आला. त्याचं भांडण जिथे झालेलं नाही असा कारखानाच उरला नव्हता. एडनाने बॅगा काढल्या.

आणि ज्युड दुबईला आला. ॲनेटने त्याचा व्हिजिट व्हिसा काढला होता. भावाला सन्मानाने घरी न्यायचं, आणि जाण्याआधी आपलं नाव डोळ्यांनी बघायचं, हे त्याने ठरवलं होतं. तोवर गल्ली सुरू झाली होती, दरवाज्यांवर चित्रं लागली होती. ॲनेटला कळून चुकलं होतं, पण बापाला सांगायची तिची छाती होईना. एडनामुळे आमची ओळख होती, म्हणून ती माझ्याकडे आली.

"आंटी, पपा ऐकतच नाहीत. उद्या जायचंच म्हणतात. ॲट लीस्ट अंकलला तिथे आणा ना. ही शुड फेस इट."

मला ते पटलं. इतकी वर्षं या माणसाने सगळ्यांना बोलून घेतलं होतं. एकदा त्याने उभं राहून ऐकावं, असं मला मनापासून वाटलं. मी कॅस्मिरला फोन केला आणि सांगितलं, तुमच्या कमानीला तडा गेलाय. नोकरी गेलेली, बॅगा भरलेल्या, तरी तो अर्ध्या तासात खाली उभा होता. पटाशीची पिशवी काखेत.

मी गाडी काढली, माझी मुलगी मिहिका मागे बसली. गल्लीत पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. कोर्टाचं घड्याळ बंद होतं. नव्या पाट्यांवर आता बेकर, मिलर अशी कुठूनही उचललेली नावं होती, आणि खाली शावर्मा, बबल टी, मोबाईल कव्हर. कॅस्मिर कशाकडे न बघता थेट कमानीकडे निघाला.

कमानीखाली ॲनेटबरोबर ज्युड उभा होता. कोट घातलेला, ते सुद्धा त्या उकाड्यात. मान वर करून अक्षरं बघत होता. भावाला बघून त्याने दोन्ही हात पुढे केले.

"दादा!"

कॅस्मिर जागच्या जागी थांबला. मग माझ्याकडे वळला. ती नजर मी विसरणार नाही, आणि मला तिचं वाईटही वाटलं नाही.

"तडा कुठे आहे?" तो म्हणाला.

तेवढ्यात आतून एक बाई दोन पोरांचे हात धरून बाहेर आली, एक माणूस पँटची झिप ओढत. ज्युड बाजूला झाला, त्यांना वाट दिली, हसला. त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

"हे काय आहे दादा? ऑफिस?"

मिहिका म्हणाली, "नो अंकल, इट्स लिटरली द वॉशरूम."

ज्युडने दरवाज्याशेजारची चित्रं बघितली. बाई. बुवा. मग परत वर, आपलं नाव. ॲनेटने त्याचा दंड धरला, त्याने सोडवून घेतला. तो आत गेला.

बराच वेळ आला नाही. ज्या क्षणासाठी कॅस्मिरने एवढी अक्षरं घोटली होती तो क्षण आता समोर होता, आणि त्याला तो बघवत नव्हता. पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. एकदा दरवाज्याकडे गेला, परत आला. मला म्हणाला, "बाय, तू आणलंस मला. तुझं भलं होणार नाही." मी म्हटलं, "नको होऊ दे."

ज्युड बाहेर आला तेव्हा हात ओले होते. रुमालाने सावकाश पुसले.

"पाणी चांगलं येतं," तो म्हणाला. "मी अख्ख्या गावाला दाखवलं, दादा. फादरना दाखवलं. एडना वहिनीला फोन करून रडलो."

"मी सांगितलं होतं दाखवायला?"

"पाऊस होता. वीज नव्हती. पपांसाठी बर्फ आणला होता मी, तो रात्रीतच गेला. शेजारचे म्हणाले, आता ठेवू नका. मी फोन लावत होतो तुला. आधीपण लावले, नंतरपण लावले. नंतरचे तू उचलले नाहीस. एक उचलला असतास तर सांगितलं असतं."

"माझा हक्क होता तो."

"होता. मी खाल्ला. मग हे झालं तुझं समाधान? झाली फिट्टंफाट?"

"नाही."

"माझीपण नाही," ज्युड म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला, शावर्माच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "घर तुझंही आहे. ये, राहा. तुला कोण अडवणार? पण आधी माझ्याबरोबर घरोघर फिरायचं. ज्याला ज्याला मी फोटो दाखवला त्याच्या दारात उभं राहून सांगायचं, हे मी भावाचं नाव संडासावर घातलं. तुझ्या तोंडाने. फादरपासून सुरुवात."

कॅस्मिरचा चेहरा काळा पडला. उभ्या आयुष्यात हा माणूस कोणाच्या दारात मान खाली घालून गेला नव्हता. मला वाटलं, आता पटाशी काढतो. त्याने वर कमानीकडे बघितलं. उन्हाने अक्षरांची सावली लांब पडली होती.

"सांगीन," तो म्हणाला. "पण कोरलंय चांगलं. तेही सांगायचं."

ज्युडने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"ते मी सांगीन," तो म्हणाला.